रविवारची शिकवणी आणि एमएसडब्ल्यूचा हट्ट

ताई, नमस्कार.

कराडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक पुण्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. दर रविवारी एका बांधकाम साइटवरच्या पोरांना शिकवते आणि आता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून स्थलांतरित मजुरांसाठीच काम करायचं म्हणते. तिच्या मामांचं म्हणणं, बीएड करून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दे. आणि तुम्ही विचारता, ‘आपल्याच पोरांना कामं नाहीत, परप्रांतीयांचं बस्तान हिनं का बसवावं?’

आधी हा शेवटचा प्रश्न. ती ज्या पत्र्याच्या खोल्यांत जाते तिथं बिहार-छत्तीसगडची माणसं असतील, तशी नांदेड-यवतमाळचीही असतील. तुमच्याच भागात दर हंगामाला बीडकडून ऊसतोड मजुरांचे कोयते येतात, रानात त्यांच्या कोप्या पडतात. यातला आपला कोण आणि परका कोण, ही रेघ मला तरी कधी सरळ मारता आली नाही.

आता कामाचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी यात आहे. एकदा तिच्याबरोबर रेशन दुकानात गेलो होतो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे गावाकडच्या कार्डावर इथंही धान्य मिळतं, हे त्या गवंड्याला माहीत होतं. पण सिमेंटनं बोटं इतकी झिजलेली की मशीन अंगठा घेईना. त्यानं अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. दुकानदार म्हणाला, ‘उद्या या.’ उद्या म्हणजे आणखी एक खाडा. माझ्या विद्यार्थिनीनं आवाज न चढवता एवढंच विचारलं, ‘कार्डावर घरातलं अजून कोण आहे?’ चौदा वर्षांची पोरगी होती. तिला साइटवरून बोलावली, तिचं बोट पहिल्याच दाबाला लागलं. तांदूळ मिळाला.

हे काम असंच असतं, ताई. त्यात दयेपेक्षा खिडकीवरचा नियम ठाऊक असणं जास्त उपयोगी पडतं. पोराकडे शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे 2009च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. तरी मुख्याध्यापक कां कू करतात, कारण पोर चार महिन्यांत पट सोडून जाणार हे त्यांना दिसत असतं. त्यांचीही बाजू समजून घेऊन पोराला बाकावर बसवायचं. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार सही द्यायला नाखूश असतो, मग महापालिकेत खेपा घाला. हिंदी चांगली हवी, भोजपुरी किंवा छत्तीसगढी कानाला ओळखीची झाली तर उत्तमच. उलट बाजूनं, त्या बायकांना दवाखान्यात, बसमध्ये बोलण्यापुरतं मराठी शिकवणं हेही याच कामात येतं, आणि ते तुमची लेक आत्ताच थोडंफार करत असणार.

शिक्षणाचं सोपं आहे. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, कुठल्याही पदवीनंतर करता येतं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था. नावापेक्षा क्षेत्रकार्य किती मनापासून करून घेतात ते आधीच्या बॅचच्या मुलांना विचारा.

पैशाबद्दल गोड बोलणार नाही. सुरुवातीचा पगार कायम शिक्षकाच्या पगाराच्या जवळपासही नसतो. बऱ्याच संस्था कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीवर चालतात. तो बहुधा वर्षावर्षानं मिळतो, म्हणून नेमणूकही तशीच. प्रकल्प संपला की नोकरी संपते. चार-पाच वर्षं टिकणाऱ्यांना मोठ्या संस्थांत, कंपन्यांच्या सीएसआर विभागात, सरकारी योजनांच्या कंत्राटी पदांवर जागा मिळतात. घरचा हप्ता तिच्या पगारावर अवलंबून असेल, तर तिला आजच स्पष्ट सांगा.

ती ‘संयुक्त राष्ट्रांत निर्वासितांसाठी’ असंही म्हणते, असं लिहिलंय तुम्ही. भारतानं 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे इथं या जागा मोजक्याच. तोवर एखाद्या सुट्टीत उल्हासनगरला जाऊन यावं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली, आणि आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’ असा सांगतात.

माझा सल्ला: परीक्षा झाली की लगेच फॉर्म भरायच्या घाईत पडू नका. उन्हाळ्याचे दोन महिने तिला एखाद्या संस्थेत पूर्णवेळ जाऊ द्या, शिकवायला नव्हे, कागदपत्रांच्या कामाला. रविवारी पोरं हसून बिलगतात. मंगळवारी दुपारी तहसील कार्यालयातला बाबू हसत नाही. तिनं वही ठेवावी: कुठल्या कचेरीत गेले, काय उत्तर मिळालं, परत किती वेळा जावं लागलं. जूनमध्ये ती वही घेऊन दोघी या. वही भरलेली असेल तर मामांना मी समजावतो.

लग्नाचंही विचारलंत. ते खातं माझ्याकडे नाही.