तारण ‘गमावता’ येतं का?

नगरच्या एका वाचक ताईंना चर्चच्या तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी पत्रक काढायचं आहे. विषय आहे ‘ख्रिस्ती माणूस तारण गमावू शकतो का?’ त्यांच्या दोन शंका आहेत. पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’ लिहितात तेच हे तारण का? आणि तारणाला ‘गमावणे’ हे क्रियापद चालेल का?

पहिली शंका लवकर मिटते. शब्दाचं रूप एकच असलं तरी वापर वेगळे आहेत. पतसंस्थेतलं तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, आणि हप्ते थकले तर तिचा लिलाव होतो. चर्चमधलं तारण ही वस्तू नाही, ते एक कार्य आहे: देवाने माणसाला पापातून सोडवणं. दुसऱ्या शंकेचं उत्तरही याच फरकात आहे, पण ते जरा सावकाश पाहू.

मरणे-मारणे, पडणे-पाडणे तशी तरणे-तारणे ही जोडी आहे. जो तरतो तो स्वतः पार होतो, जो तारतो तो दुसऱ्याला पार नेतो. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत सगळा भार तारणाऱ्यावर आहे. ‘तारण’ हे नाम या दुसऱ्या क्रियापदाचं, म्हणून ते उच्चारताच तारणारा कोणीतरी गृहीत धरला जातो. आता मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 24:13 पाहा: ‘जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल.’ इथे क्रियापद ‘तरणे’ आहे आणि टिकून राहण्याचं काम माणसाकडे आलं आहे. तारण देवाच्या हाती की माणसाच्या, हा शेकडो वर्षं चाललेला वाद मराठीत एका काना-मात्रेच्या अंतरावर उभा आहे, आणि या भाषेचं मला याबद्दल फार कौतुक वाटतं.

तारणाला जोडून येणारी क्रियापदंही अशीच बोलकी आहेत. इफिसकरांस पत्रात (2:8) ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ असं म्हटलं आहे. मूळ ग्रीकमध्ये पूर्ण झालेली आणि परिणाम टिकून असलेली क्रिया दाखवणारं रूप आहे. ‘झालेले आहे’ने ते नेमकं पकडलं आहे, नुसतं ‘झाले’ म्हटलं असतं तर अर्धा अर्थ सांडला असता. फिलिप्पैकरांस पत्रात (2:12) मात्र ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ असं येतं. एकीकडे झालेलं, दुसरीकडे साधायचं. रोमकरांस पत्र (13:11) तर तारण आता अधिक जवळ आलं आहे असं म्हणतं, म्हणजे ते अजून पुढे आहे. भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांत हा शब्द वावरतो, म्हणून एकच वचन हाती धरून निकाल देणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता ‘गमावणे’. मराठी म्हणून त्यात काहीच चूक नाही. पण जी वस्तू आपल्या ताब्यात होती आणि आपल्या चुकीने गेली ती आपण गमावतो, जशी संधी किंवा नोकरी. छत्री हरवते, त्यात आपला हेतू नसतो. तारण छत्रीसारखं नकळत हरवतं, असं कोणतीच प्रमुख परंपरा मानत नाही. गलतीकरांस पत्रात (5:4) ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा इशारा मराठीत असा आला आहे: ‘तुम्ही कृपेला अंतरला आहात.’ मला हे क्रियापद सर्वांत खरं वाटतं. आईला अंतरलेलं मूल म्हणतो तेव्हा आई ही मुलाची मालमत्ता नसते. नातं तुटलेलं असतं. कृपा जागच्या जागी आहे, माणूस दूर गेला आहे.

‘अंतरणे खरोखर शक्य आहे का’ यावर मात्र मंडळ्या, म्हणजे चर्चचे पंथ, वेगळे होतात. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत 1547 साली स्पष्ट केलं की गंभीर पापाने कृपा जाते, आणि पापनिवेदनाच्या संस्काराने ती परत मिळते. याउलट नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (1618-19) निर्णय दिला की देवाने निवडलेले अडखळतील, पण शेवटी तरतीलच. तिथल्या विरोधी गटाने 1610 सालच्या आपल्या निवेदनात हा एकच मुद्दा मोकळा ठेवला होता, शास्त्रातून आणखी शोध घ्यायला हवा म्हणून. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पुढे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीने विश्वासापासून ढळणं शक्य आहे असं शिकवलं, आणि मेथडिस्ट मंडळ्यांत ते रुजलं. नगरला 1831 पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे मुळात धर्मसुधारक कॅल्विनच्या, डॉर्टच्या निर्णयाशी जुळणाऱ्या, वळणाचं. ताई, तुमच्या वर्गात दोन्ही मतांची मुलं असतील तर नवल नाही.

इब्री लोकांस पत्रातला सहावा अध्याय वर्गात निघणारच, तेव्हा ‘पतित’ या शब्दाशी थांबा. मराठी कानाला पतित म्हटलं की पाठोपाठ ‘पावन’ ऐकू येतं. पडलेल्याला उचलणारा देव हीच आपल्या संतांची ग्वाही. या अध्यायात मात्र अशांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य म्हटलं आहे. शब्द आपल्या ओळखीचा, पण वाक्य त्याला अनोळखी ठिकाणी नेतं. मुलांना हे सांगितलं नाही तर एक तर ती घाबरतील, नाहीतर वचन सौम्य करून वाचतील.

अंतरणं शक्य नाही म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचा भक्कम शब्द म्हणजे ‘विसार’. पवित्र आत्मा हा ‘आपल्या वतनाचा विसार’ आहे (इफिस. 1:14). मूळचा ‘अर्राबोन’ हा शब्द ग्रीकमध्ये सेमिटिक भाषांतून आला. उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात यहूदा तामारेकडे आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवतो, तिथे हिब्रूत त्याचंच भावंड आहे, आणि अर्थ गहाणाचा आहे. गहाण व्यवहार पुरा झाल्यावर परत घ्यायचं असतं. विसार परत घेत नाहीत, तो किमतीचाच पहिला भाग असतो. भाषांतरकारांनी इथे ‘विसार’ निवडला हे फार योग्य झालं. शिवाय हा विसार देव देतो, माणूस नव्हे. देणारा मागे फिरणार नाही हे सगळ्याच मंडळ्यांना मान्य आहे; घेणाऱ्याला नाकारता येईल का, एवढाच प्रश्न उरतो.

पत्रकाचा मथळा ‘आपण कृपेला अंतरू शकतो का?’ असा ठेवा, आणि खाली योहान 10:28 (येशूच्या हातातून त्याच्या मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही हे वचन) व इब्री 6:4-6 ही दोन्ही वचनं शेजारी छापा. ‘गमावणे’ चर्चेत कोणी वापरलं तर अडवू नका.