महाग अँप्लिफायर खरंच वेगळा वाजतो का?

प्रश्न : दुकानात तिप्पट किमतीचा अँप्लिफायर स्पष्टच उजवा वाटला. घ्यावा का?

उत्तर : आधी दोघांच्या आवाजाची पातळी सारखी केली होती का, ते विचारा. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. बहुतेक तुलना इथेच फसतात. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि 100 हर्ट्झचा टोन वाजवा. (स्वस्त मीटर 1000 हर्ट्झला चुकू शकतात.) एकावर 2.00 व्होल्ट असतील तर दुसरा 1.98 ते 2.02 मध्ये आणा, म्हणजे फरक 0.1 डेसिबलच्या आत राहतो. मग व्हॉल्यूमला हात लावू नका.

अदलाबदल दुसऱ्याने करावी, क्रम नाणेफेकीने ठरवावा आणि तो तुम्हाला दिसू नये. 16 फेऱ्यांत किमान 12 ओळखी बरोबर हव्यात. निव्वळ अंदाजाने तेवढ्या जुळण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. 9-10 आल्या तर फरक सिद्ध झाला नाही.

जादा पैसे बऱ्याचदा जाड कॅबिनेट, जादा वॅट आणि सोयींचे असतात. तुमचे स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे अँप्लिफायरकडून जास्त करंट ओढणारे असतील तर ताकदीला अर्थ आहे. एरवी तीच रक्कम स्पीकरवर घाला. तिथला फरक डोळे मिटूनही कळतो.