वाचकांचे प्रश्न: मदरबोर्ड, नागपूरची हवा आणि निर्यातीचे कागद

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमचं मदरबोर्ड जोडणीचं छोटं युनिट आहे. एप्रिल-मेमध्ये बनलेले बोर्ड आमच्या चाचणीत पास होतात, पण ग्राहकाकडे दोन-तीन महिन्यांत बंद पडतात. पावसाळ्यातल्या बोर्डांवर आयसीला (चिपला) आतून तडे जातात. पुरवठादार दोन्ही वेळा एकच. मग दोष कुणाचा?

उत्तर: दोन्ही लक्षणांवरून संशय आधी हवेवर जातो. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. एवढ्या कोरड्या हवेत नुसतं चाललं तरी अंगावर हजारो व्होल्टचा स्थिर विजेचा भार साठतो. साधारण ३,००० व्होल्टच्या आतला झटका हाताला जाणवत नाही, पण काही चिप १०० व्होल्टनेही दुखावतात. दुखावलेली चिप लगेच मरतेच असं नाही. आतला अतिपातळ थर अर्धवट फाटतो, चाचणी पार पडते आणि पुढे वापरात ती जाते. म्हणून चाचणी कडक करून हा दोष पकडता येणार नाही. तो जोडणीच्या खोलीतच थांबवावा लागेल.

खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा. त्यासाठी कूलर लावू नका, ही कळकळीची विनंती. नागपुरात उन्हाळा म्हटला की हात आधी कूलरकडे जातो. पण कूलरजवळ हवा दमट आणि चार पावलांवर कोरडी अशी स्थिती होते, शिवाय धूळ आणि पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. एसी हवा आणखी कोरडी करतो, म्हणून त्याच्या जोडीला क्षारमुक्त पाण्यावर चालणारा ह्युमिडिफायर लावा. अंगावरचा भार जमिनीत उतरवणाऱ्या मनगटी पट्ट्यात १० लाख ओहमचा रेझिस्टर (प्रवाह रोखणारा भाग) असतो. तो पट्टा प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला टेस्टरवर तपासा. दिसायला धड असलेल्या पट्ट्याची तार बरेचदा आतून तुटलेली असते. प्लॅस्टिकचे ट्रे अर्थिंगने निर्भार होत नाहीत, तिथे आयोनायझर पंखाच (भारित हवा सोडून भार घालवणारा) लागतो.

पावसाळ्यातल्या तड्यांचं कारण चिपच्या पोटात मुरलेलं पाणी. एमएसएल म्हणजे चिप ओलाव्याला किती नाजूक त्याचा दर्जा. एमएसएल ३ दर्जाची चिप सीलबंद पाकिटातून काढल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तास चालते. हवा त्याहून दमट असेल तर ही मुदत आखडते. मग रिफ्लो ओव्हनमध्ये, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत, २४० अंशांच्या आसपास त्या पाण्याची वाफ होते आणि पॅकेज (चिपचं बाहेरचं कवच) फुटतं. कारागीर याला ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. पाकीट उघडल्याची तारीख आणि वेळ त्याच्यावरच लिहा, उरलेली रील (चिप बसवलेल्या टेपचं रीळ) ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या कपाटात ठेवा. मुदत उलटली तर चिप १२५ अंशांवर भाजून घ्या. किती तास, ते पॅकेजच्या जाडीवर ठरतं. रीलची टेप इतकी उष्णता सोसत नाही, त्यामुळे चिप आधी उष्णतारोधक ट्रेमध्ये काढाव्या लागतात.

सोल्डर पेस्ट (चिप बोर्डाला जोडणारा धातूचा लेप) फ्रिजमध्ये २ ते १० अंशांवर ठेवा आणि वापरण्याआधी डबा बंदच ठेवून चार तास बाहेर राहू द्या. थंड डबा उघडला तर पेस्टवर दव धरतं आणि ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक मणी उडतात. चिपच्या दोन पायांमध्ये असा एक मणी अडकला तरी शॉर्ट होतो.

प्रश्न: केनियातल्या एका ग्राहकाला २०० मदरबोर्ड विमानाने पाठवायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकापासून. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अर्ज करायचा, शुल्क ५०० रुपये. क्रमांक तुमच्या पॅनचाच असतो. बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तिच्या शाखेचा क्रमांक) घेऊन तो आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर नोंदवा. माल नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून जाणार की मुंबईहून, ते आधी ठरवा, कारण एडी कोड त्या ठिकाणासाठी नोंदवलेला लागतो. मग जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ या अर्जात एलयूटी (हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवरचा आयजीएसटी हा कर आधी भरावा लागत नाही. एलयूटी दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचा असतो.

कस्टमच्या वर्गीकरणात सुटे भाग बसवलेला मदरबोर्ड ८४७३ ३० या क्रमांकाखाली येतो, पूर्ण संगणक ८४७१ खाली. रोडटेप ही निर्यातीच्या मालावरचे परत न मिळणारे कर भरून देणारी योजना. तिचा दावा शिपिंग बिलातच (कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदातच) नोंदवा, नंतर तो मिळवणं कठीण. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातल्या, निर्यातीसाठीच्या ६ए तक्त्यातला इन्व्हॉइस क्रमांक आणि तारीख शिपिंग बिलाशी अक्षरशः जुळली पाहिजे. क्रमांकात एक रेघ कमी-जास्त झाली तरी जीएसटीचा परतावा अडकतो.

केनियाच्या मानक संस्थेच्या पीव्हीओसी योजनेत मालाची तपासणी निघण्यापूर्वीच होते. आपल्या मालाला ते प्रमाणपत्र कसं लागू होतं, हे ऑर्डर पक्की करतानाच ग्राहकाकडून लेखी घ्या. बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा लिथियम सेल बसवलेलाच राहू द्या. सुटे लिथियम सेल बोर्डांपासून वेगळ्या खोक्यात पाठवले तर प्रवासी विमान ते घेत नाही.

प्रश्न: भाग इथे आणून जोडण्यापेक्षा तयार संगणक आणणं स्वस्त का पडतं?

उत्तर: भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात आला. त्या करारामुळे तयार संगणकावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं, पण कराराबाहेरच्या काही कच्च्या मालावर शुल्क राहिलं. निर्यातदाराला त्यावर वाट आहे: ॲडव्हान्स ऑथरायझेशन घेतलं की निर्यातीसाठीचा कच्चा माल शुल्काविना आणता येतो, मात्र साधारणपणे किमान १५ टक्के मूल्यवर्धन दाखवावं लागतं. २०० बोर्डांच्या एका खेपेसाठी हा हिशेब सांभाळण्याची दगदग परवडत नाही. दुसरी ऑर्डर हातात आली की अर्ज करा.