एलास्मोसॉरसचे डोके आणि माझी पुस्तिका

दिवाळी अंकासाठी मार्श आणि कोप या एकोणिसाव्या शतकातल्या दोन अमेरिकन जीवाश्म-संशोधकांच्या वैरावर लिहिताना, एलास्मोसॉरस या लांब मानेच्या नामशेष प्राण्याचे डोके शेपटीच्या टोकाला बसवण्याची कोपची चूक मार्शने पकडली की त्यांच्याच काळातले संशोधक जोसेफ लायडी यांनी, असे तुम्ही विचारले आहे. अंक छपाईला जायला आठवडाच उरला आहे हे वाचले आणि माझी बारा वर्षांपूर्वीची फजिती डोळ्यांसमोर उभी राहिली. मार्शचे येल विद्यापीठ, कोपचे फिलाडेल्फिया, मार्शच्या श्रीमंत मामांचा पैसा वगैरे पार्श्वभूमी तुमच्या लेखात आलेली असणारच, त्यामुळे ती इथे पुन्हा सांगत नाही.

नाव लायडीचे द्या. कॅन्ससमधल्या फोर्ट वॉलेस या लष्करी ठाण्यावरचे डॉक्टर थिओफिलस टर्नर यांनी मिळवलेली हाडे 1868 साली कोपकडे पोहोचली. सरड्यासारखी लांब शेपटी आणि आखूड मान असा प्राणी त्याने मनात धरला आणि चित्रही तसेच छापले. 1870 साली लायडीने फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीत दाखवून दिले की, कोप ज्यांना शेपटीच्या टोकाचे मणके समजत होता, ते मानेचे अगदी पहिले मणके आहेत. मग कोपने त्या निबंधाच्या वाटल्या गेलेल्या प्रती परत गोळा करण्याची धडपड केली. त्याने ठेवलेल्या ‘प्लॅटियुरस’ या जातिनामाचा अर्थ ‘चपट्या शेपटीचा’ असा होतो. ती ‘शेपटी’ म्हणजे प्रत्यक्षात मान होती, पण नामकरणाच्या नियमांमुळे ते नाव आजही तसेच चालू आहे. माझ्या मते हा तपशील डोके-शेपटीच्या विनोदापेक्षा कितीतरी सरस आहे. शिवाय एलास्मोसॉरस हा डायनासोर नव्हे, समुद्री सरीसृप आहे. लेखाच्या शीर्षकात ‘डायनासोर’ असला तरी या परिच्छेदात तो शब्द येऊ देऊ नका.

मग मार्शचे नाव आले कुठून? जानेवारी 1890 मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्रात दोघांनी एकमेकांची लक्तरे टांगली, तेव्हा ती चूक आपण दाखवली होती असे मार्शने छापून आणले. म्हणजे घटनेला वीस वर्षे उलटल्यावर एका प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्याविषयी, तेही भांडणाच्या भरात, केलेले ते विधान आहे. मी नेमके तेच उचलले आणि एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत ‘मार्शने कोपची चूक चारचौघांत दाखवली’ असे ठोकून दिले. उद्घाटनाच्या दिवशी प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे विचारले, “कोणत्या साली?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

चूक माझीच होती, ती मी कोणावर ढकलत नाही. पण पुढचा मनस्ताप मात्र ज्या कार्यालयाने पुस्तिका छापली त्याने दिला. शुद्धिपत्राची चार ओळींची चिठ्ठी मी स्वतःच्या खर्चाने छापून दिली, तेव्हा उत्तर मिळाले की मजकूर तज्ज्ञ समितीने मंजूर केलेला आहे, त्यामुळे बदलासाठी समितीचे पत्र लागेल. समिती प्रदर्शन संपताच विसर्जित झाली होती. चौथ्या खेपेला टेबलामागच्या गृहस्थांनी माझा चिठ्ठ्यांचा गठ्ठा पेपरवेटसारखा फायलींवर ठेवला आणि ‘बघू’ म्हणाले. पुस्तिका पुढे कित्येक वर्षे तशीच विकली गेली. प्रती परत मागवताना कोपला काय वाटले असेल, याची तेव्हा मला चांगलीच कल्पना आली.

म्हणून सांगतो, हाड कोणाला सापडले, नाव कोणी दिले आणि ते छापले कधी, हे प्रत्येक दाव्यासाठी वेगवेगळे लिहून काढा. या वैराचा सगळा जीव छापील तारखेत होता, कारण एकाच प्राण्याला दोन नावे मिळाली तर आधी छापलेले टिकते. ऑगस्ट 1872 मध्ये वायोमिंगमधून कोपने एका महाकाय नामशेष सस्तन प्राण्याचे ‘लोक्सोलोफोडॉन’ हे नवे नाव तारेने पाठवले ते केवळ तारीख साधण्यासाठी, आणि तारेत त्याचे ‘लेफालोफोडॉन’ झाले. एवढ्या घाईचा उपयोग झाला नाही, कारण त्या प्राण्यांच्या गटात लायडीचे ‘युइंटाथेरियम’ आधीच छापून झाले होते. तरीही या दोघांच्या पैशापुढे आणि आरडाओरड्यापुढे टिकाव न लागल्याने पश्चिमेकडच्या जीवाश्मांतून बाजूला झाला तो लायडीच. त्याचे श्रेय आपणही मार्शला देऊन टाकावे, याचा मला अजूनही राग येतो.

‘ब्रॉन्टोसॉरस कधी नव्हताच’ हे ठरावीक वाक्यही गाळा. मार्शने लांब मानेच्या महाकाय डायनासोरांना 1877 साली ॲपॅटोसॉरस आणि 1879 साली ब्रॉन्टोसॉरस ही नावे दिली. 1903 साली जीवाश्म-अभ्यासक एल्मर रिग्ज यांनी दोन्ही एकच ठरवली, म्हणून आधीचे ॲपॅटोसॉरस हे नाव राहिले. 2015 च्या एका सविस्तर अभ्यासाने ती पुन्हा वेगळी मानली. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, एवढे लिहिले तरी पुरे.

संपादक ‘आपल्याकडचा संबंध’ मागतीलच. त्याच 1877 साली इंग्रज जीवाश्म-अभ्यासक रिचर्ड लिडेकर यांनी जबलपूरला मिळालेल्या शेपटीच्या मणक्यांवरून एका डायनासोरला टायटॅनोसॉरस हे नाव दिले, आणि इतक्या तुटपुंज्या हाडांवर बेतलेले असल्याने अनेक अभ्यासक ते आज शंकास्पद मानतात. घाईच्या नामकरणाच्या ओघात हे सहज बसेल.

मी हौशी वाचक आहे, या विषयातला संशोधक नाही. शक्य असल्यास जाणकाराच्या नजरेखालून मजकूर घाला. मात्र ते छपाईपूर्वी करा, आणि दुरुस्ती कोणाच्या सहीने होते हे संपादकांना आजच विचारून ठेवा.