सुरूच्या झाडाला स्वस्तातलं बूड

नाताळचं पहिलंच झाड ना? मग लाकडी स्टँडच्या नादी लागू नका. चार फुटी सुरूच्या फांदीला रंगाचा 10 लिटरचा रिकामा डबा पुरतो.

बुंधा मधोमध धरा, भोवती विटांचे तुकडे घट्ट अडकवा, मग ओलसर रेती थराथराने ठोकत भरा. नवखे इथेच चुकतात: कोरडी रेती नुसती ओततात आणि सकाळी झाड भिंतीला टेकलेलं! ओलाव्याने फांदीही जरा जास्त दिवस हिरवी राहते.

- झाड सरळ आहे का, ते सजावटीआधी दुरून बघा. मी एकदा दिवे लावल्यावर बघितलं, सगळं उतरवलं.
- डब्याला गोणपाट, वर सुतळी. गोंद नको.
- विजेचा प्लग ओल्या रेतीपासून लांब.

गव्हाणीचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, पुढच्या वर्षी बघू.