नेटेमचा डिले चुकतोय? आधी घड्याळ बघ

नेटेम म्हणजे लिनक्समध्ये पाकिटांना मुद्दाम उशीर लावायचं साधन. त्याच्याकडे तू १ मिलिसेकंदाचा डिले मागितलास आणि पिंग (जाऊन-येऊन लागलेला वेळ) ४ दाखवतंय, म्हणजे संशय थेट टायमरवर घे. कर्नल (लिनक्सचा गाभा) २५० हर्ट्झचा असेल तर त्याची टिक, म्हणजे घड्याळाचा ठोका, ४ मिलिसेकंदांची, १०० चा असेल तर १० ची. हाय रिझोल्यूशन टायमर बंद असले की नेटेमला त्या टिकची वाट बघावीच लागते. या बारीक टायमरची सोय २००७ च्या २.६.२१ कर्नलपासून आहे, पण एम्बेडेड बोर्डांवर कोणीतरी ती बंद करून ठेवलेली असते. रूट होऊन प्रॉकमधली टायमर लिस्ट (/proc/timer_list ही फाइल) उघड. रिझोल्यूशनसमोर १ नॅनोसेकंद दिसला तर ठीक. ४०,००,००० दिसले तर चोर सापडला. मग बूट ओळीत highres=off असेल तर ते काढ, नाहीतर कर्नल नव्याने बांधायचा. व्हर्च्युअल मशीनवर मात्र बारीक मोजमाप करायला जाऊच नकोस.

टायमर ठीक असूनही थ्रूपुट (डेटा जाण्याचा वेग) पडतोय? मी यात दोन दिवस घालवलेत, उगाच टायमरला शिव्या देत. नेटेमच्या रांगेची लिमिट मुळात १००० पाकिटांची. १०० मिलिसेकंद डिलेला दीड हजार बाइटची १००० पाकिटं म्हणजे सेकंदाला जेमतेम १२० मेगाबिट. पुढची सगळी ड्रॉप. गिगाबिटला निदान साडेआठ हजार हवीत, मी सरळ वीस हजार देतो. टीसीला (नेटेम लावायची कमांड) ‘-एस’ लावून ड्रॉप्ड आकडा बघत जा.

आणि लूपबॅकवर (मशीनचं स्वतःशीच बोलणं) १० चा डिले लावून पिंग २० आलं तर घाबरू नकोस. जाताना एकदा, येताना एकदा, दोन्ही वेळा लागतो तो.