कासवाची अंडी नेली तर गुन्हा होतो का?

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, काहीजण ती उकरून नेतात. कासवाला तर कोणी मारत नाही, मग कायदा लागतो का?

उत्तर : लागतो, नक्कीच! आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नाही, अंडी नासवणं, घरट्याला हात लावणं पण शिकारच धरतात, शिक्षा ३ ते ७ वर्षं. शिवाय अंडी घालायची जागा सीआरझेड-१ए मध्ये (किनारा नियमन क्षेत्रातला सर्वात संवेदनशील भाग) येते, म्हणजे तिथे बांधकामावर कडक बंधनं. पण रात्रीचा पहारा शेवटी गावानेच द्यायचा असतो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून लोकांनीच घरटी जपली ना! घरटं दिसलं की वनखात्याला लगेच कळवा, हेल्पलाइन १९२६.